माजघरातल्या काचपेटीतली हिरवळ



माशांची काचेची पेटी ही एके काळी शहरातली चीज होती. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. गावाकडून मुंबईला गेलेला माणूस राणीच्या बागेबरोबर तेही पाहून येई आणि परतल्यावर आठवडाभर त्याच्या गोष्टी सांगे. आता तशी छोटी पेटी तालुक्याच्या बाजारात मिळते. मुलांच्या हट्टापायी ती घरात येते. दुकानदार पेटीबरोबर वाळू, चार रंगीत मासे आणि हिरव्या पाणवनस्पतींच्या दोन-तीन जुड्या देतो.

पेटी ठेवायची कोठे? ओटीवर ठेवली तर कोंबड्या, वासरू आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का. म्हणून ती माजघरात जाते. पहिले आठ दिवस सारे घर कौतुकाने पाहते. मग झाडांची पाने पिवळी पडतात, खालची गळतात, देठ मऊ होऊन कुजतात, पाण्याला वास येतो. आणि एके दिवशी सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. पोर रडते आणि विचारते, "माझ्यामुळे मेले का?" मोठी माणसे म्हणतात, "जाऊ दे, हे आपल्याकडचे काम नव्हे."

हे म्हणणे बरोबर नाही. जमीन पाहून पीक आणि पाणी पाहून पेरा ठरवणाऱ्या माणसाला हे काम शहरातल्या माणसापेक्षा लवकर जमावे. फक्त एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे. पाण्यातले झाड हेही झाडच आहे आणि ते उजेडावर जगते. घरात उजेड थोडा असेल तर थोडक्यात भागणारे झाड निवडावे, मासे थोडे ठेवावेत, त्यांना खाणे थोडे द्यावे आणि झाडाला खत देऊच नये. अंथरूण पाहून पाय पसरावे, इतकाच याचा अर्थ. आज याविषयी सविस्तर पाहू.

डोळ्यांचा उजेड आणि झाडाचा उजेड

भर दुपारी उघड्या शेतात पडणारा उजेड मोजला तर तो सुमारे एक लाख लक्स भरतो. लक्स हे उजेडाचे माप आहे. घरात खिडकीजवळ, जेथे ऊन थेट येत नाही तेथे, हाच आकडा हजार-दोन हजारांपर्यंत उतरतो. आणि जाड भिंतींच्या माजघरात, खिडकीपासून दूर, तो शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणजे शेतातल्या उजेडाचा जेमतेम हजारावा हिस्सा. आपल्याला एवढा फरक जाणवत नाही. अंधाऱ्या जागी आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि त्या उजेडात घरातल्या बाया तांदूळही निवडतात. झाडाच्या पानाला अशी सोय नाही. त्याला जेवढा उजेड पडेल तेवढाच मिळतो.

झाडाचा संसार जमाखर्चाचा आहे. उजेडात पान अन्न तयार करते, ती जमा. श्वास मात्र ते दिवसरात्र घेते आणि त्यात अन्न खर्च होते. दिवसाची जमा दिवसरात्रीच्या खर्चाहून जास्त असेल तर झाड वाढते. दोन्ही सारखी असतील तर ते नुसते टिकून राहते. खर्च जास्त झाला की झाड आपल्याच अंगचे साठवलेले खाऊ लागते. आधी खालची पाने जातात, मग देठ, मग मूळ. माजघरातल्या पेटीत दिसते ते हेच. ते झाड रोगाने मरत नाही, उपाशी मरते.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट दाखवली ती इंगेनहाउझ नावाच्या डच वैद्याने, १७७९ साली. त्याने हिरवी पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, तेव्हा पानांवर हवेचे बुडबुडे आले. अंधारात ठेवली तेव्हा तसे झाले नाही. त्या बुडबुड्यांतला वायू म्हणजे आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन. पुढे आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी याच विषयावर मोठे काम केले आणि १९२४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या प्रयोगांसाठी त्यांनी निवडलेली वनस्पती कोणती असेल? आपल्या कालव्यात आणि तळ्यात माजणारी हायड्रिला. आपण तिलाही सरसकट शेवाळ म्हणतो, पण तिला देठ आहे, पाने आहेत आणि मुळेही आहेत.

मुलांकडून करवून घ्यावा असा प्रयोग

घरातल्या जागांचा उजेड मोजायला यंत्र लागत नाही. हायड्रिलाची चार बोटे लांब, ताजी आणि हिरवीगार डहाळी घ्या. काचेच्या बरणीत स्वच्छ पाणी भरून त्यात चिमूटभर खायचा सोडा विरघळवा. डहाळीचे बूड ब्लेडने स्वच्छ कापा आणि ती उलटी, म्हणजे कापलेले टोक वर येईल अशी, पाण्यात बुडवा. ती वर येत असेल तर शेंड्याला बारीकसा खडा दोऱ्याने बांधा. बरणी अंगणात उन्हात ठेवा. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागेल. दहा मिनिटे जाऊ द्या आणि मग एका मिनिटात किती बुडबुडे येतात ते मुलांना मोजून वहीत लिहायला सांगा.

आता तीच बरणी ओटीवर आणा, दहा मिनिटे थांबा, पुन्हा मोजा. मग खिडकीशी न्या. शेवटी माजघरात, पेटी ठेवायची त्या जागी. प्रत्येक ठिकाणी आकडा उतरत जाईल. माजघरात बहुधा माळ तुटेल आणि एखादा बुडबुडा अडखळत येईल, किंवा तोही येणार नाही. याचा अर्थ तेथे काहीच जगणार नाही असा नव्हे. पण ज्या झाडाला अंगणातली कमाई लागते त्याने येथे संसार कसा करावा, हे मुलांना न सांगता कळेल. पेटी आणण्याआधी हा प्रयोग एकदा करावा. दहा रुपयेही खर्च होत नाहीत आणि पुढचे शेकडो वाचतात.

कोणती झाडे लावावीत

परसात मोरीच्या पाण्यावर, भिंतीच्या सावलीला अळू कसे माजते ते तुम्ही पाहता. तेथे मिरची लावली तर ती उंच होते, किरकिरी राहते, फळ धरत नाही. पाण्याखालीही असेच आहे. आणि गंमत अशी की कमी उजेडात टिकणाऱ्या पेटीतल्या झाडांपैकी दोन अळवाच्याच कुळातली आहेत.

पहिले अनुबियास. हे मूळचे पश्चिम आफ्रिकेतले, ओढ्याकाठच्या दाट सावलीत वाढणारे. पाने जाड, गडद हिरवी, चामड्यासारखी. वाढ अगदी सावकाश. कधी महिन्याला एकच नवे पान येते. त्यामुळे त्याचा खर्चही थोडा आणि थोड्या उजेडात त्याचे भागते. हे लावताना एक काळजी घ्यावी. हळदीसारखा आडवा जाड कंद त्याला असतो, तो वाळूत पुरू नये. पुरला की कुजतो. दगडावर ठेवून साध्या दोऱ्याने सैल बांधावा. दोन-तीन महिन्यांत मुळे दगडाला आपोआप धरतात.

दुसरे क्रिप्टोकोरिन. याच्या काही जाती श्रीलंकेतून जगभर गेल्या, आणि काही आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी रानातच उगवतात. हे वाळूत मुळे रोवून वाढते. जागा बदललेली त्याला खपत नाही. नव्या पेटीत लावले की पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांत सगळी पाने विरघळल्यासारखी होतात. घाबरून उपटून टाकू नये. कुजकी पाने कात्रीने काढावीत आणि मूळ तसेच राहू द्यावे. मूळ घट्ट असेल तर काही आठवड्यांत नवी पाने फुटतात. एकदा लावले की ते हलवू नये, एवढीच त्याची अट.

तिसरे जावा फर्न. हा नेचा आहे; पावसाळ्यात विहिरीच्या कड्यांत नेचे उगवतात, त्यांतलाच हा पाण्यातला भाऊ समजा. याचाही कंद पुरायचा नाही, दगडाला किंवा लाकडाला बांधायचा. पानांच्या मागे तपकिरी ठिपके आले तर तो रोग समजू नये. नेच्याचे बीजाणू तेथे असतात. जुन्या पानाच्या कडेला लहान रोपेही फुटतात. ती तोडून दुसरीकडे बांधता येतात.

चौथे जावा मॉस. हे शेवाळ्यासारखे मऊ. दगडावर पातळ थर पसरून दोऱ्याने बांधावे. गप्पी माशांची पिल्ले त्यात लपतात आणि मोठ्या माशांपासून वाचतात.

ही चार झाडे माजघरात, एका साध्या दिव्यावर चालतात. पेटी खिडकीशी ठेवता आली तर आपल्या पाण्यातल्या तीन वनस्पतीही चांगल्या होतात. एक हायड्रिला, दुसरी लांब फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया आणि तिसरी कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार सिराटोफायलम. ही तिसरी तर बिनमुळाची. नुसती पाण्यात सोडली तरी जगते. आपल्या दख्खनच्या विहिरींचे पाणी जड असते, त्यात साबणाचा फेस होत नाही. या तिघींना ते जड पाणी मानवते, कारण पाण्यात विरघळलेल्या क्षारांतूनही त्या आपला कर्ब घेऊ शकतात.

आता कोणती झाडे घेऊ नयेत ते. लाल किंवा तांबूस पानांची झाडे, गालिच्यासारखी जमिनीसरशी पसरणारी बारीक झाडे आणि कॅबोम्बा नावाचे पिसासारख्या पानांचे झाड. दुकानात ही सर्वांत देखणी दिसतात, कारण तेथे त्यांच्या डोक्यावर प्रखर दिवे असतात. माजघरात ती दोन-तीन आठवड्यांत जातात. दुकानदाराला सरळ सांगावे, "घरात उजेड कमी आहे, सावलीत चालणारे द्या."

आणखी एक ध्यानात ठेवा. विक्रीची पुष्कळ रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्याखाली आली की त्यांची जुनी पाने झडतात आणि पाण्यातली नवी पाने येतात. रोपवाटिकेतले रोप शेतात लावल्यावर चार दिवस मान टाकते, तसेच हे.

उजेड वाया जाऊ देऊ नका

पेटीची जागा अशी निवडा की उत्तरेच्या खिडकीचा किंवा दाराचा उजेड तिच्यावर येईल, पण ऊन थेट पडणार नाही. थेट उन्हाने पाणी तापते आणि काचेवर हिरवे शेवाळे दाट चढते. उंच पेटीपेक्षा बसकी पेटी बरी; पाणी जितके खोल तितका तळाशी उजेड कमी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही पेटी घराला पुरेशी होते. तीत सुमारे ५० लिटर पाणी मावते. पाणी, वाळू आणि काच धरून वजन ६५ ते ७० किलो होते, म्हणजे खताच्या भरल्या पोत्याहून जड. म्हणून ती फळीवर ठेवू नये. भक्कम लाकडी बैठक किंवा बांधलेला ओटाच हवा.

पेटीवरच्या काचेला धूळ आणि चुलीची काजळी बसते. ती दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावी. साबण लावू नये. पेटीमागची भिंत चुन्याने पांढरी केली तर तेवढाच उजेड परत पेटीत फिरतो.

दिवा लावणार असाल तर पांढऱ्या उजेडाचा ९ वॅटचा एक एलईडी बल्ब वर सांगितलेल्या चार झाडांना पुरतो. तो पाण्यापासून वीतभर वर, पेटीवरच्या झाकणकाचेच्या वरती धरावा. रोज ८ तास लावावा. हिशेब करा: ९ वॅट, ८ तास, ३० दिवस, महिन्याला सव्वादोन युनिटेसुद्धा होत नाहीत. रात्रभर मात्र दिवा ठेवू नये. झाडाला आणि माशांना दोघांनाही काळोखाची विश्रांती लागते, आणि जादा उजेडाचा फायदा शेवाळ्यालाच होतो. वीज दिवसा नसेल तर असेल तेव्हा लावा. सोयीप्रमाणे सकाळी चार आणि संध्याकाळी चार तास केले तरी चालते. एक-दोन दिवस दिवा चुकला म्हणून सावलीचे झाड मरत नाही.

विजेची काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यावी. पाणी आणि वीज जवळ आली की धोका असतोच. पेटीत हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी बटण बंद करून पिन काढावी. वायर भिंतीतल्या सॉकेटकडे जाताना मध्ये खाली झोळ राहील अशी सोडावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता झोळाशी खाली पडते. जोड दिलेली वायर वापरू नये. लहान मुलांना दिव्याला हात लावू देऊ नये.

ज्यांच्याकडे दिव्याची सोय नाही त्यांनी पाळी पद्धत करावी. अनुबियास, जावा फर्न आणि मॉस वेगवेगळ्या दगडांवर बांधलेले असले की ते उचलता येतात. असे दोन संच करावेत. एक पेटीत, दुसरा परसात झाडाच्या सावलीला ठेवलेल्या पाण्याच्या कुंडीत. दर तीन आठवड्यांनी अदलाबदल करावी. सावलीतला दगड एकदम कडक उन्हात ठेवू नये, पाने करपतात. कुंडीत डास होऊ नयेत म्हणून चार गप्पी मासे सोडावेत किंवा वर बारीक जाळी बांधावी.

पिवळे पान दिसले की खताकडे हात जातो

येथे शेतकऱ्याची सवय आड येते. शेतात पीक पिवळे दिसले की आपण युरियाचा विचार करतो. पेटीत चिमूटभर युरिया टाकला तर काय होते? पाण्यात त्याचा अमोनिया होतो आणि तो माशांना विष आहे. मासे वर येऊन धापा टाकतात, कल्ले लाल होतात आणि मरतात. शेणखतही घालू नये. ते पाण्यात कुजताना ऑक्सिजन खाते.

शिवाय ज्या झाडाला उजेडच नाही त्याला खत देऊन उपयोग नाही. चूल थंड असताना पीठ आणून ठेवले तर भाकरी होत नाही. झाडाने न घेतलेले खत पाण्यात राहते आणि ते शेवाळे खाते. कमी उजेडाच्या पेटीत माशांची विष्ठा हेच खत, आणि तेवढे पुरते.

त्यासाठी मासेही बेताचे हवेत. वर सांगितलेल्या पेटीत आठ-दहा गप्पी किंवा तेवढेच लहान मासे पुरेत. गप्पींची पिल्ले झपाट्याने वाढतात, म्हणून सुरुवात सहांवरच करावी. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यावे आणि आठवड्यात एक दिवस उपास घडवावा. पोळीचे तुकडे, भात घालू नये. मासे उपाशी राहून मरतात त्याहून जास्त मासे न खाल्लेल्या खाण्याच्या कुजण्याने मरतात.

नवी पेटी भरली की आधी झाडे लावावीत आणि दोन-तीन आठवडे तशीच ठेवावी. मग एका वेळी दोन-दोन मासे सोडावेत. अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू वाळूत तयार व्हायला वेळ लागतो. दह्याला विरजण लागते आणि रात्रही जावी लागते, तसेच.

आता शेतकरी घरांपुरते दोन इशारे. फवारणीच्या औषधाला वापरलेली बादली, मग किंवा पाइप पेटीसाठी कधीही वापरू नये, कितीही धुतला तरी. कीटकनाशकाचा लवलेशही माशांना पुरतो. पेटीची बादली वेगळी ठेवा आणि तिला रंगाचा पट्टा ओढून ठेवा. फवारणी करून आलेला हातही पेटीत घालू नये. दुसरा इशारा नळाच्या पाण्याचा. त्यात ब्लीचिंग पावडर असते. ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच पेटीत घालावे.

दर आठवड्याला पेटीतले चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच ताजे घालावे. काढलेले पाणी फेकू नका. परसातल्या वांग्या-मिरचीला घाला. त्यांना ते फार मानवते.

पहाटेची वेळ

"संध्याकाळपर्यंत मासे चांगले होते, सकाळी मेलेले," असे पुष्कळ जण सांगतात. ज्यांच्या शेततळ्यात मासे आहेत त्यांना याचे कारण ठाऊक असेल. दिवसा झाडे पाण्यात ऑक्सिजन सोडतात. रात्री तीच झाडे, मासे आणि तळाची घाण मिळून तो वापरतात. पहाटे तो सर्वांत कमी असतो. दोन-तीन दिवस आभाळ राहिले की दिवसाची भरही कमी पडते, आणि मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागतात.

माजघरातल्या पेटीत रोजच आभाळाचा दिवस असतो. म्हणून तेथे कुजके पान एक दिवसही राहू देऊ नये. पहाटे मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसले तर लगेच थोडे पाणी काढून ताजे घाला, खाणे बंद ठेवा आणि मग कोठे काय कुजते आहे ते शोधा. पावसाळ्यात आषाढ-श्रावणातल्या अंधाऱ्या आठवड्यांत खाणे निम्म्यावर आणावे.

हा तोल पहिल्यांदा ज्यांनी अभ्यासला त्यांत लंडनचे रसायनतज्ज्ञ वॉरिंग्टन यांचे नाव घेतात. १८५० साली त्यांनी आपले निरीक्षण मांडले. पेटीत दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ठेवली होती. झाडाची जुनी पाने कुजू लागली तेव्हा पाणी गढूळ झाले आणि माशांना धोका झाला. मग त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले आणि पेटी स्वच्छ झाली. मासा, झाड आणि गोगलगाय यांचा हा संसार. यातले एक वाढले किंवा एक उपाशी राहिले की बाकीच्यांना त्रास होतो.

झाड काय सांगते ते वाचा

कांडी लांब, पाने विरळ आणि सारे झाड दिव्याकडे झुकलेले: उजेड कमी आहे. झाड दिव्याजवळ आणा किंवा बदला.

खालची पाने गळून शेंडा तेवढा हिरवा: झाड साठवणीवर जगते आहे. सावलीच्या जातीचे झाड लावा.

काचेवर आणि पानांवर तपकिरी पीठ: नव्या पेटीत आणि कमी उजेडात हे येतेच. बोटाने पुसा. काही आठवड्यांत कमी होते.

पाणी हिरवे किंवा पानांवर हिरवे दाट केस: ऊन थेट येते आहे, दिवा जास्त वेळ चालतो आहे किंवा खाणे जास्त पडते आहे.

अनुबियासचा कंद मऊ आणि दुर्गंधी: तो पुरला गेला आहे. मऊ भाग स्वच्छ सुरीने कापून घट्ट भाग पुन्हा दगडाला बांधा.

पेटीतले पेटीतच राहू द्या

शेवटचे सांगणे सर्वांत महत्त्वाचे आहे. पेटी नकोशी झाली किंवा झाड जास्त वाढले की लोक ते विहिरीत, ओढ्यात, तळ्यात टाकतात. जीव वाचावा, हा त्यामागचा भाव चांगला असतो. पण परिणाम फार वाईट होतो.

जलपर्णी तुम्ही पाहिली आहे. पवना, इंद्रायणी, पंचगंगा यांचे पात्र ती कसे झाकून टाकते तेही पाहिले आहे. ती आपली नाही. दक्षिण अमेरिकेतून ती जांभळ्या फुलाच्या हौसेपोटी जगभर नेली गेली आणि आपल्याकडेही आली. उलट दिशेचेही उदाहरण आहे. आपल्या भागातली हायड्रिला १९५० नंतरच्या दशकात श्रीलंकेतून अमेरिकेतल्या फ्लोरिडात गेली, ती पेटीत ठेवण्यासाठीच. तेथून ती कालव्यांत सुटली. १९६० साली ती तेथल्या मोकळ्या पाण्यात आढळली आणि पुढे साऱ्या तळ्यांना आणि नद्यांना डोकेदुखी झाली. आपल्याकडे तिला खाणारे आणि आवरणारे जीव आहेत, तेथे नव्हते. मूठभर डहाळ्यांनी एवढे केले.

म्हणून जास्तीची झाडे उन्हात वाळवून उकिरड्यात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावीत. पेटीचे पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा गुरांच्या हौदात ओतू नये. काही पाणगोगलगायी गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमींना वाढवतात, हे पशुपालकांना ठाऊक आहेच. त्याच कारणाने कालव्यातून झाड आणले तर चांगले धुवावे, गोगलगायी आणि त्यांच्या चिकट अंड्यांचे पुंजके काढावेत, चतुराच्या अळ्या आणि जळवा पाहाव्यात आणि आठ दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून मग पेटीत घालावे. पेटीत सोडायच्या गोगलगायी दुकानातूनच घ्याव्यात.

थोडक्यात

जागेचा उजेड आधी हायड्रिलाच्या डहाळीने पाहा.
सावलीची चारच झाडे घ्या: अनुबियास, क्रिप्टोकोरिन, जावा फर्न, जावा मॉस.
कंद पुरू नका. मुळाचे झाड हलवू नका.
दिवा ९ वॅटचा, रोज ८ तास. हात घालण्यापूर्वी पिन काढा.
मासे थोडे, खाणे थोडे, खत नाही.
फवारणीची बादली पेटीजवळ आणू नका.
पेटीतले काहीही ओढ्या-विहिरीत टाकू नका.

अशी पेटी दुकानातल्यासारखी झगमगणार नाही. तीत पाच-सहा गडद हिरवी पाने, दगडावरचे थोडे मॉस आणि त्यांतून फिरणारे चार मासे असतील. महिन्याकाठी एखादे नवे पान उलगडेल. ते कोणत्या दिवशी उलगडले हे मुलांना वहीत लिहायला सांगा. आणि पोराने पुन्हा कधी "माझ्यामुळे मेले का?" असे विचारले, तर ती वही उघडून त्याच्याबरोबर बसा. बुडबुड्यांचे आकडे, दिव्याचे तास आणि खाण्याची मापे त्यात असतील, आणि चूक कोठे झाली ते दोघे मिळून शोधता येईल.